जुन्या फोर्डचे दुसरे इंजिन

हेन्री फोर्डच्या कारखान्याने १९२८ ते १९३१ या काळात ‘मॉडेल ए’ जातीचे छोटे पिकअप ट्रक काढले. चार सिलिंडर, ४० अश्वशक्ती! १९३२ साली फोर्डने आठही सिलिंडर एकाच ठोकळ्यात ओतून ६५ अश्वशक्तीचे स्वस्त ‘व्ही-एट’ इंजिन दिले. कॅलिफोर्नियातले हौशी तरुण मग मोडीतल्या गाड्यांची ही इंजिने उतरवून जुन्या मॉडेल एमध्ये बसवू लागले.

काम सोपे नव्हे. इंजिन रुंद, म्हणून चासीवरचे आधार बदलावे लागत. जळका धूर ठोकळ्यातूनच बाहेर पडे, त्यामुळे ते फार तापे. रेडिएटर मोठा हवा. वाढत्या वेगाला सळ्यांचे ब्रेक पुरेनात, तेव्हा १९३९ पासूनच्या फोर्ड गाड्यांचे हायड्रॉलिक ब्रेक घालीत.

आज असा ट्रक सजविताना कोणी विचारील, शेव्हरोलेचे १९५५ चे १६२ अश्वशक्तीचे इंजिनच का घालू नये? खुशाल घालावे, गाडी झकास पळेल. पण चुन्याच्या भिंतीला डागडुजी चुन्याचीच शोभते. जुने व्ही-एट घातले, तर त्या तरुणांनी कमी पैशांत केलेली खटपट बॉनेट उघडताच दिसते. वाचकहो, कारखान्याच्या दप्तरात या खटपटीची नोंद नाही. ती अशा गाड्यांतच राहिली आहे.