एक पेला, दोन जिन्नस

पहाटेचे पाच वाजताहेत. साल 1963, महिना जुलै. तुम्ही हाँगकाँग बेटावर, शेंग वान भागातल्या एका चढाच्या गल्लीत उभे आहात. उजाडायचंय, तरी सदरा पाठीला चिकटलाय. रस्त्याकडेच्या नळापाशी माणूस एकही नाही, पण रांग लागलेली आहे. ती डब्यांची. रॉकेलच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यांना आडवा दांडा ठोकून केलेल्या बादल्या, एकामागे एक. 1 जूनपासून या शहराला चार दिवसांतून एकदा, चार तास पाणी मिळतंय. आज या गल्लीची पाळी आहे. पाणी आलं की वरच्या मजल्यांवरून हाका सुरू होतील, "खालचे, नळ बंद करा!" कारण खालच्यांनी तोटी सोडली की वरच्यांच्या नळाला धार राहत नाही. हे वाक्य त्या पिढीच्या कानांत जन्मभर राहिलं.

कोपऱ्यावरच्या तीन मजली इमारतीत मात्र दिवे लागलेत. आत जा. हे चहाघर आहे.

कुणी तुम्हाला "किती माणसं?" विचारणार नाही, कुणी टेबल दाखवणार नाही. तळमजल्यावर हमाल, गोदीतले मजूर आणि भाजीवाले बसलेत. वरच्या मजल्यावर चहाचा दर थोडा जास्त आणि हवा थोडी बरी. चीनच्या कँटन शहरात जुनी म्हण होती की पैसेवाला माडीवर माडी चढतो आणि बिनपैशाचा खाली उकिडवा बसतो. तुम्ही एक जिना चढा. लाकडी खडावांचा टकटकाट तुमच्या पुढं-मागं चालू आहे. वर पोचताच आवाजाची भिंत अंगावर येते: चिनी मातीच्या झाकणांची खणखण, पंख्यांची घरघर, शंभर माणसांचं एकाच वेळी बोलणं, आणि या सगळ्याच्या वरून पक्ष्यांची शीळ. छताखालच्या दांड्यांना बांबूचे पिंजरे टांगलेत. म्हातारे आपापला पक्षी फिरायला घेऊन आलेत. पिंजऱ्यावरचं कापड बाजूला केलं की पक्षी गायला लागतो, आणि शेजारचा गातोय हे कळलं की आणखी जोरात गातो. टेबलाखाली पाय जपून ठेवा, पिकदाणी आहे.

जिथं स्टूल रिकामं, तिथं बसा. टेबल आधीच तिघांचं असलं तरी बसा. इथली रीतच ती.

पांढऱ्या कोटातला वेटर विचारतो, "कुठला चहा?" पाणी, दूध, साखर यातलं काही विचारत नाही. मोगऱ्याचा, शेवंतीचा, हलका साऊ मेई असे प्रकार आहेत, पण तुम्ही बो लेई मागा. युनान प्रांतातला, आंबवून मुरवलेला, काळपट चहा. तुपकट-तेलकट खाणं पचवायला तोच बरा, असं इथं सगळेच मानतात. तो पानं झाकणाच्या रुंद पेल्यात टाकतो आणि मोठ्या तांब्याच्या किटलीतून उकळतं पाणी ओततो. पहिलं पाणी प्यायचं नाही. त्यात छोटी वाटी, चमचा आणि काड्या खळबळून घ्यायच्या आणि ते पाणी बाजूच्या भांड्यात टाकायचं. दुष्काळातही ही रीत कुणी सोडलेली नाही, फक्त आज सगळे हात आखडून धुताहेत.

दुसरं पाणी पडलं की पानं फुलू द्या. आता तो पेला उचलून वाटीत ओतायचा आहे, आणि कड इतकी तापलेली आहे की बोटं भाजतात. समोरचे म्हातारबा तुमची फजिती बघताहेत. (त्यांची भाषा आज तुम्हाला समजतेय, असं धरून चला.)

"पाहुणे, असं नाही. अंगठा आणि मधलं बोट कडेला, पहिलं बोट झाकणाच्या बोंडावर. झाकण जरासं तिरकं करा, पानं अडतील. आणि भ्यायचं नाही, एका दमात ओता."

तुम्ही ओतता. जमतं. तेवढ्यात ते स्वतःच्या पेल्यातला थोडा चहा तुमच्या वाटीत घालतात. तोंडानं आभार मानू नका. बोटं किंचित वाकवून टेबलावर दोन-तीनदा टकटक करा. सांगतात की चीनचा छियेनलुंग बादशहा वेश पालटून फिरत असताना त्यानं नोकराला चहा ओतून दिला. लोटांगण घालावं तर ओळख फुटणार, म्हणून नोकरानं बोटांचेच गुडघे टेकले. गोष्ट खरी असो-नसो, या मजल्यावर दर मिनिटाला कुणीतरी तो नमस्कार करतंय. आणि पाणी संपलं तर हाका मारू नका. झाकण उघडं करून पेल्याच्या कडेला तिरकं टेकवा, किटलीवाला आपोआप येतो.

आता खाण्याचं बघू. त्यासाठी आधी मागच्या भटारखान्यात डोकावून या. इथली माणसं मध्यरात्र उलटल्यापासून उभी आहेत. त्यातले काही रात्री इथंच, टेबलं जोडून झोपतात. वाफेत उघड्या अंगानं काम चाललंय. एक उस्ताद 'हा गाव' करतोय, म्हणजे कोळंबीच्या सारणाची उकडलेली करंजी. त्याचा हात नीट बघा, कारण मराठी माणसाला तो लगेच कळेल. आपण उकडीच्या मोदकासाठी तांदळाच्या पिठात उकळतं पाणी घालतो. हा गव्हाचं निव्वळ सत्त्व घेतो, म्हणजे कणकेतला चिकट भाग धुऊन काढल्यावर उरलेली पांढरी पूड, आणि तिच्यात उकळतं पाणी घालून झरझर मळतो. मोदकाची पारी बोटांनी होते. याची सुरीनं. बिनधारेचा रुंद कोयता तेलाच्या फडक्यावर पुसायचा, लाटीवर ठेवायचा, तळहातानं दाबत अर्धं वर्तुळ फिरवायचं. कागदासारखी पातळ, एका बाजूला किंचित जाड अशी गोल चकती तयार. मग कोळंबीचं सारण, आणि फक्त एका बाजूला चुण्या. मोदकाच्या पाकळ्या वर शेंड्याशी मिळतात, याच्या चुण्या कंगव्यासारख्या एका रांगेत बसतात आणि पारी चंद्रकोरीसारखी वळते. चार-पाच मिनिटं वाफ, बस्स. दुधी पारी काचेसारखी होते आणि आतली कोळंबी गुलाबी दिसायला लागते. जास्त वाफवली की फाटते, थंड झाली की चामट होते. हा पदार्थ कँटनच्या दक्षिणेला, नदीकाठच्या गावातल्या एका चहाघरात 1920-30च्या सुमारास जन्मला. तिथं ताजी कोळंबी रोज उतरायची. सोबतच्या सगळ्या पदार्थांत मला हाच श्रेष्ठ वाटतो. त्यात लपवाछपवीला जागाच नाही.

शेजारी कोंबडीचे पाय आधी तळून, मग गार पाण्यात बुडवून ठेवलेत. कातडी सुरकुतून फुगते, म्हणजे नंतरच्या वाफेत काळ्या सोयाबीनचा रस तिच्यात मुरतो. त्यापलीकडे भाजलेल्या डुकराच्या मांसाचे पाव उकडताहेत. ते वरून तीन ठिकाणी उलून आतलं लालसर सारण दिसायला हवं. नुसते गुळगुळीत राहिले तर उस्तादाला खाली मान घालावी लागते.

टेबलावर परत या. गाडे ढकलत येणाऱ्या बायका तुम्ही सिनेमात पाहिल्या असतील, त्यांना अजून अवकाश आहे. आज पत्र्याच्या थाळ्याचा पट्टा गळ्यात अडकवून मुली फिरताहेत. वाफाळत्या बांबूच्या टोपल्यांचा तो थाळा किती जड आहे, हे त्यांच्या मानेवर उमटलेल्या लाल वळावरून कळतं. काही जणी शाळेत असायला हव्या होत्या. "हा गाऽव! सिऊ माऽय!" अशी आरोळी देत त्या टेबलांमधून वाट काढतात. जिच्या थाळ्यात आवडीचं असेल तिला लोक अडवतात, उठून मागं धावतातसुद्धा. तुम्ही दोनच जिन्नस घ्या. एक पेला चहा आणि दोन जिन्नस, हा इथला सकाळचा शिरस्ता आहे. आणि आज आलाच आहात तर हा गावबरोबर डुकराच्या काळजाचा सिऊ माय घ्या. मांसाच्या छोट्या पुरचुंडीवर काळजाची जाड फोड ठेवलेली असते. पुढच्या पन्नास वर्षांत तो बहुतेक ठिकाणच्या यादीतून जाणार आहे. शाकाहारी असाल तर मात्र चहावरच भागवा. कमळबियांच्या गोड पावातही डुकराची चरबी असते.

म्हातारबा 1950 साली कँटनहून आलेत. त्यांच्यासारखे लाखो आले. 1945 साली युद्ध संपलं तेव्हा या वसाहतीत जेमतेम सहा लाख माणसं उरली होती. 1961च्या जनगणनेत ती 31 लाखांवर गेली. घरं तेवढी नव्हतीच. 1953च्या नाताळच्या रात्री शेक किप मेईच्या झोपड्यांना आग लागून पन्नास हजारांवर लोक उघड्यावर आले, त्यानंतर सरकारनं चाळी बांधायला घेतल्या. पाच जणांच्या कुटुंबाला 120 चौरस फूट, नळ आणि संडास सामायिक.

"काका, तुम्ही कुठं राहता?"

"वर, मागच्या रस्त्याला. एका मजल्यावर फळ्या ठोकून सात खोल्या केल्यात, त्यातल्या एकीत आम्ही पाच जण. मुलगा रात्रपाळीहून सकाळी येतो. तो झोपला की मला पाय पसरायला जागा नाही. म्हणून मी इथं."

हे ऐकल्यावर पुन्हा एकदा मजल्यावर नजर फिरवा. त्या कोपऱ्यातल्या टेबलावर रंगारी बसलेत. ठेकेदार तिथंच येतो आणि आज कुणाला काम, ते तिथंच ठरतं. पलीकडे दोन घरांची लग्नाची बोलणी चालली आहेत, कारण दोन्ही घरांत पाहुणे बसवायला जागा नाही. एक जण वर्तमानपत्रातलं घोड्यांच्या शर्यतीचं पान शेजाऱ्याला वाचून दाखवतोय. कुणाचाही पेला अर्धाच आहे आणि कुणालाही उठ म्हणून सांगितलं जात नाही. एका पेल्याच्या पैशात तासन् तास बसायचा हक्क मिळतो. डिमसम, म्हणजे चहासोबतचे हे छोटे जिन्नस, यांबद्दल बोलताना लोक पदार्थांचंच कौतुक करतात. माझ्या मते या शहरानं लावलेला खरा शोध हा हक्क आहे. पदार्थ त्याच्यासोबत आले.

तुमच्या चेहऱ्याकडे बघून म्हातारबा विचारतात, "हिंदुस्तानातले? मग तुमची गल्ली इथं पलीकडेच आहे." खरंच आहे. अप्पर लास्कर रो. हिंदी खलाशांवरून पडलेलं नाव. मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटींवर कोकणातले खलाशी मोठ्या संख्येनं असत. आपला या किनाऱ्याशी दुसराही संबंध आहे, तो अवघड आहे. इंग्रजांना चिनी चहा हवा होता आणि त्यासाठी मोजायची चांदी त्यांना परवडेना, म्हणून अफू आली. माळव्याची अफू मुंबई बंदरातून कँटनला जायची. जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती याच चीनच्या व्यापारातली, कापसाची आणि अफूची, आणि मुंबईचं जे. जे. रुग्णालय त्याच पैशावर उभं राहिलं. त्या अफूवरून युद्ध झालं, आणि 1842च्या तहात हे बेट इंग्रजांकडे गेलं. म्हातारबा हे सगळं जाणतात की नाही, विचारू नका. त्यांनी तुम्हाला चहा दिलाय, बोटं वाजवा.

सात वाजत आले. हिशेब मागा. कागद नाही, पाटी नाही. वेटर टेबलावरच्या रिकाम्या बशा आणि टोपल्या नुसत्या नजरेनं मोजतो. बशीच्या आकारावरून दर कळतो. आकडा मोठ्यानं ओरडला की तो खाली गल्ल्यापर्यंत पोचतो. तुम्ही जिना उतरेपर्यंत तुमची रक्कम तिथं तयार असते. बाहेर पाणी आलंय. डब्यांच्या रांगेला आता माणसं आहेत, आणि सगळी भांडताहेत.

परतीच्या वाटेवर थोडं थोडं थांबत या. मे 1964च्या अखेरीस व्हायोला नावाचं चक्रीवादळ आलं, पाऊस कोसळला आणि पाणीकपात उठली. पुढच्या वर्षी, मार्च 1965मध्ये, चीनमधल्या तुंगच्यांग नदीचं पाणी नळानं यायला लागलं. शहराकडे पैसा आला, हॉल मोठे झाले, मुलींच्या मानेवरचे थाळे उतरून त्यांना चाकं लागली. 1984च्या ब्रिटन-चीन करारात हाँगकाँग चीनकडे परत जाणार असं ठरल्यावर अनेक कुटुंबं व्हँकुव्हर, टोरांटो, सिडनीला गेली आणि त्यांच्यामागे उस्तादही गेले. नंतर गाडेही कमी झाले. आता बहुतेक ठिकाणी कागदावर खुणा करून मागवायचं असतं. पिंजरे चहाघरांतून जवळपास दिसेनासे झालेत. 1889 साली कँटनमध्ये सुरू झालेल्या लिन ह्युंग या चहाघराची हाँगकाँगमधली वेलिंग्टन स्ट्रीटवरची शाखा ऑगस्ट 2022मध्ये बंद पडली, तेव्हा लोक निरोप द्यायला रांगा लावून आले. 2024 साली ती त्याच रस्त्यावर पुन्हा उघडली.

हाँगकाँगला गेलात तर एखाद्या चहाघरात सकाळी लवकर जा. रिकाम्या टेबलाची वाट बघू नका, जिथं खुर्ची मोकळी असेल तिथं अनोळखी माणसांत बसा. आधी बो लेई सांगा, खायचं नंतर बघू. आणि घाईनं उठू नका.