मंदी, दुष्काळ आणि खानदेशातील सावकारी घराणी : भडगाव परिसराच्या संदर्भात (इ.स. १८६१ ते १९६१)

गिरणाकाठच्या भडगाव परिसरातील सधन घराण्यांचा विचार करताना त्यांच्याकडे जमीन किती होती, या प्रश्नाशीच बहुधा चर्चा थांबते. वस्तुतः सावकाराची श्रीमंती शेतात नसून खातेवहीत असे. आणि वहीतील येणे वसूल झाले नाही, तर ती श्रीमंती कागदावरच राही.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) कापसाला तेजी आली आणि खानदेशातील कुणब्याची पत अचानक वाढली. युद्ध संपताच भाव कोसळले. मुंबईत प्रेमचंद रायचंद यांच्यासारखा धनाढ्यही त्यात बुडाला. खानदेशातील सावकाराचे संकट निराळ्या जातीचे होते. तेजीत दिलेले कर्ज मंदीत फिटणे शक्य नव्हते. १८५९ च्या मुदत कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणल्यामुळे तो वारंवार नव्याने लिहून घ्यावा लागे व थकलेले व्याज मुद्दलात मिळविले जाई. दामदुपटीचा जुना नियम व्याजाला मर्यादा घाली खरा, परंतु नवा रोखा लिहिला की हिशेबही नवा होई! शेवटी दिवाणी हुकूमनाम्याने जमीन सावकाराकडे येई.

ही जमीन नेहमीच लाभाची ठरे असे मात्र नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळात बैल मेले, कूळ परागंदा झाले, पण सरकारी सारा खातेदाराच्या नावावर उभाच राहिला. ज्याच्या पेढीत रोकड होती तोच अशा वर्षी तग धरू शके. केवळ गहाणखतांवर विसंबलेल्या घराण्याला मोठ्या पेढीकडून स्वतःच कर्ज काढावे लागे. सावकारच ऋणको होणे ही अवस्था अभ्यासकांनी पुरेशी लक्षात घेतलेली नाही.

भांडवल जमिनीबाहेर वळविणारे तुलनेने सावरले. रेल्वेमुळे कजगाव, पाचोरा ही स्थानके कापसाच्या व्यापाराला जवळ आली. अमळनेर येथे प्रताप शेठ यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी गिरणी उभारली.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीत कापसाचे भाव पुन्हा खाली आले. १९३१ साली ब्रिटनने सुवर्णमान सोडल्यावर सोन्याचे मोल वाढले. शेतकऱ्याने साऱ्यासाठी मोडलेला दागिना सराफी करणाऱ्या घराण्याला तारून गेला. त्याच गावातील केवळ जमीन गहाण घेणारा सावकार मात्र अडकून पडला. पुढे १९३९ च्या शेतकरी कर्जनिवारण कायद्याने व १९४६ च्या सावकारी नियंत्रण कायद्याने जुन्या येण्याला कात्री लागली.

१९४८ च्या कूळ कायद्यात १९५६ साली दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. शहरात राहून खंड घेणाऱ्या घराण्यांच्या जमिनी कुळांकडे गेल्या. ज्यांनी वेळीच घरची वहिती सुरू केली होती, त्यांच्याकडे त्या १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यापर्यंत टिकल्या.