गहाण नेमके कोणाकडे?

नाशिकच्या मराठी दैनिकांची आतली पाने उलटली की ‘कब्जा सूचना’ हमखास दिसते. पाथर्डी फाटा, अंबड, मखमलाबाद. गट नंबर, फ्लॅट नंबर, कर्जदार, सहकर्जदार, जामीनदार. मग चतुःसीमा, पूर्वेस जिना, पश्चिमेस मोकळी जागा. 2002 च्या सरफेसी कायद्याने साठ दिवसांची नोटीस देऊन, कोर्टाची पायरी न चढता बँकेला असा ताबा घेता येतो. अनेक सूचनांत आणखी एक शब्द असतो : ‘अभिहस्तांकन’. म्हणजे कर्ज एका संस्थेने दिले आणि नंतर ते दुसरीला विकून टाकले. दारावर नोटीस लागली की घरातला माणूस विचारतो, आपले घर गहाण तरी कोणाकडे आहे?

‘गहाण’ आला संस्कृत ‘ग्रहण’वरून. ग्रह् म्हणजे धरणे, पकडणे. चंद्रसूर्याला लागते तेही हेच ग्रहण. धरलेले सुटतेही, म्हणून मराठी माणूस गहाण ‘सोडवतो’ आणि कर्ज ‘फेडतो’. फेडणे म्हणजे मुळात गाठ सोडणे. ‘तारण’ तर तॄ धातूचे, पैलतीरी नेणारे. याउलट इंग्रजीतला ‘मॉर्गेज’ जुन्या फ्रेंचमधून आलेला, त्याचा शब्दशः अर्थ मृत तारण.

आपल्या जुन्या कागदपत्रांत याहून बारीक भेद आहे. ताबेगहाणात वस्तू सावकाराच्या कब्जात जाते. नजरगहाणात ती धन्याकडेच राहते, सावकाराची तिच्यावर फक्त नजर. आजचे गृहकर्ज या दुसऱ्या जातीचे : राहतो आपण, मूळ दस्त संस्थेकडे. पण ती नजर कोणाची, हे पूर्वी गावाला ठाऊक असे. आता तसे नाही. गृहकर्ज देणाऱ्या दिवाण हाउसिंगवर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने प्रशासक नेमला, 2021 मध्ये ती कंपनी पिरामल समूहाकडे गेली, आणि हप्ते भरणाऱ्यांचा धनको त्यांना न विचारता बदलला.

शेतजमिनीला सरफेसी लागू नाही. तिथे सहकार कायदा येतो. निफाड, दिंडोरी, मालेगावकडे कर्ज गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचे आणि पैसा जिल्हा मध्यवर्ती बँकेचा. थकबाकीपोटी लिलाव पुकारले, तरी शेजाऱ्याच्या जमिनीवर बोली लावायला गावात सहसा कोणी धजत नाही. मग कलम 100 प्रमाणे न विकलेली जमीन संस्थेकडे हस्तांतरित करता येते. अशी संस्थांची नावे सातबाऱ्यावर लागू लागली, तेव्हा 2023 मध्ये शेतकरी रस्त्यावर आले. त्यांचा संताप मला रास्त वाटतो. ‘इतर हक्क’ रकान्यातला बोजा आणि मालकाच्या रकान्यातले नाव यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बोजा उतरवता येतो. नाव बदलले की कसणारा तोच राहूनही मालक दुसरा होतो.

‘जप्ती’ अरबी ‘ज़ब्त’वरून आली. ‘लिलाव’ पोर्तुगीज ‘लेइलांव’वरून, आणि त्याचेही मूळ अरबीत, जाहीर करणे या अर्थाचे. हा अर्थ आज कायद्यात पुरता उतरला आहे. 2016 च्या दुरुस्तीनंतर सरफेसीखाली घर सोडवण्याचा हक्क लिलावाची जाहीर सूचना निघेपर्यंतच राहतो. प्रत्यक्ष बोलीच्या दिवसापर्यंत वाट पाहणाऱ्याच्या हातून तो निसटलेला असतो.

म्हणून साठ दिवसांच्या नोटिशीतच जागे व्हा. अभिहस्तांकनाच्या कागदाची प्रत लेखी मागा, आक्षेप लेखी कळवा. त्याला 15 दिवसांत कारणांसह उत्तर देणे संस्थेवर बंधनकारक आहे. आणि कर्ज फिटले असेल तर मूळ दस्त 30 दिवसांत परत मिळालेच पाहिजेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 डिसेंबर 2023 पासून, संस्थेच्या चुकीने उशीर झाल्यास दिवसाला 5000 रुपये भरपाई तुमच्या हक्काची आहे.