वेळासच्या वाळूतील जन्म : कोकणातील कासव-संवर्धनाच्या इतिहासाचे एक प्रकरण

मराठी वृत्तपत्रांत प्राणिसंग्रहालयातील जन्माची वार्ता बहुधा एकाच ठरीव शब्दप्रयोगाने दिली जाते. वाघीण व्यालेली असो वा हरिणी, 'राणीच्या बागेत पाळणा हलला' असा मथळा येतो. काही दिवसांनी बारसे होते आणि पिल्लाचे नाव छापून येते. रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर दरवर्षी माघ-फाल्गुनापासून चैत्र-वैशाखापर्यंत समुद्रकासवांची पिल्ले माणसाने राखलेल्या कुंपणाच्या आत जन्म घेतात. त्यांच्या वार्तेत मात्र पाळणा नसतो. तेथे 'घरटी' संरक्षित होतात आणि पिल्ले समुद्रात 'सोडली' जातात. पहिल्या ठिकाणी वार्ता जन्मापाशी संपते. दुसऱ्या ठिकाणी ती निरोपाची असते. हा भेद केवळ वाक्प्रचाराचा नाही. माणसाच्या देखरेखीखाली झालेला जन्म रानातील अथवा सागरातील त्या जातीच्या कामी केव्हा येतो, हा प्रश्न त्यामागे आहे, आणि तो तपासण्यास मंडणगड तालुक्यातील वेळास या गावाइतके सोयीचे स्थळ दुसरे नाही.

बंदिवासातील जन्माची बारकाईने केलेली नोंद आपल्या देशात फार जुनी आहे. जहांगीर बादशहाने आपल्या आत्मवृत्तात पाळलेल्या सारस पक्ष्यांच्या जोडीचे मीलन, अंडी घालणे आणि उबवणे यांचे १६१८ च्या सुमारास केलेले निरीक्षण टिपून ठेवले आहे. त्या जोडीची नावे लैला आणि मजनू अशी होती. म्हणजे नामकरणाची हौसही तेव्हापासूनची. मुंबईची राणीची बाग १८६२ साली उघडली, ती प्रथम वनस्पतींचे उद्यान म्हणून. प्राणी नंतर आले. आज वीरमाता जिजाबाई भोसले यांचे नाव धारण करणाऱ्या या बागेत जुलै २०१६ मध्ये सेऊलहून ८ हम्बोल्ट पेंग्विन आणण्यात आले. त्यांच्यापैकी एका जोडीचे पहिले पिल्लू १५ ऑगस्ट २०१८ रोजी जन्मले आणि आठवड्याभरातच दगावले. पुढे इतर पिल्ले जगली. या जन्मांविषयी मुंबईकरांना वाटलेले कौतुक खोटे नव्हे. परंतु पेरू आणि चिली यांच्या किनाऱ्यावरील पेंग्विनांच्या संख्येशी भायखळ्यातील शीतगृहाचा काही संबंध पोचत नाही, हेही तितकेच खरे. पांढऱ्या वाघांच्या जन्माविषयी तर याहून कठोर बोलावे लागेल: जवळच्या नात्यातील संकराने टिकवलेला तो एक रंगभेद आहे, आणि अशा कितीही पिल्लांनी रानातील वाघ एकाने वाढत नाही.

याचा अर्थ प्राणिसंग्रहालयातील प्रत्येक जन्म निष्फळ, असा नव्हे. १९७० नंतरच्या दशकात सुसरीची जात आपल्या नद्यांतून नष्टप्राय झाली होती. १९७५ साली सुरू झालेल्या योजनेत नदीकाठची अंडी गोळा करून उबवण्यात आली व वाढवलेली पिल्ले पुन्हा नदीत सोडण्यात आली. भुवनेश्वरजवळच्या नंदनकाननात तर १९८० साली बंदिवासातील सुसरीची पिल्ले जगात प्रथमच जन्मली; त्यासाठी नर फ्रँकफुर्टच्या प्राणिसंग्रहालयातून मागवावा लागला होता. चंबळ नदीत या उद्योगाला यश आले. महानदीत मात्र पिल्ले वारंवार सोडूनही नैसर्गिक वीण जवळजवळ थांबलेली राहिली आणि मे २०२१ मध्ये, सुमारे चार दशकांनंतर, सातकोशियाच्या वाळूत पुन्हा पिल्ले निघाली. जन्म माणसाच्या हाती होता. पण जाळी, वाळूचा उपसा आणि पाण्याचा ओघ यांचा बंदोबस्त झाल्यावाचून जन्माचा उपयोग नव्हता. १९९८ च्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय धोरणाने वन्यजीव-संवर्धनाच्या राष्ट्रीय प्रयत्नांना पूरक ठरणे हा संग्रहालयांचा मुख्य हेतू मानला, तो या दृष्टीने योग्यच आहे.

आता वेळासकडे वळू. सावित्री नदीच्या मुखाच्या दक्षिणेस, बाणकोटच्या किल्ल्याला लागून हे गाव आहे, खाडीपलीकडे हरिहरेश्वर. इतिहासाच्या वाचकांना ते नाना फडणविसांचे मूळ गाव म्हणून ठाऊक असते. बाणकोटला इंग्रजांनी फोर्ट व्हिक्टोरिया असे नाव दिले, ते अठराव्या शतकात. राणीच्या बागेची राणी तेव्हा जन्मलीही नव्हती, हे सांगून ठेवणे बरे, कारण नामसादृश्यावरून नाते जोडण्याचा मोह आपल्याकडे पुष्कळांना होतो.

चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था २००२ साली किनाऱ्यावर समुद्रगरुडाच्या घरट्यांची पाहणी करीत होती. त्या पाहणीत वेळासच्या पुळणीवर कासवांच्या अंड्यांची टरफले आढळली आणि विचारपूस करता असे कळले, की मादी अंडी घालून गेली की ती उकरून नेली जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात या कासवाला, म्हणजे ऑलिव्ह रिडलेला, स्थान होते. परंतु कायद्याचे परिशिष्ट पुळणीपर्यंत पोचलेले नव्हते. भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी यांनी खटले भरण्याचा मार्ग धरला नाही. गावकऱ्यांनाच राखणदार नेमले. ज्यांना अंडी कोठे आहेत हे अचूक कळत होते, त्यांचे ज्ञान अंडी वाचवण्याकडे वळवले. २००२-०३ च्या पहिल्याच हंगामात ५० घरटी राखली गेली आणि २,७३४ पिल्ले समुद्रात गेली. मद्रासच्या किनाऱ्यावर अशा राखणीची सुरुवात १९७० नंतरच्या दशकातच झाली होती, म्हणजे कल्पना नवी नव्हती. वेळासचे वैशिष्ट्य असे, की ती तेथे गावाची झाली.

रीत अशी. पहाटे भरतीच्या रेषेवर राखणदार फिरतो आणि मादीच्या वल्ह्यांनी उमटलेली खूण शोधतो. वाळूत सुराहीच्या आकाराचा सुमारे दीड फूट खोल खड्डा असतो व त्यात शंभर-सव्वाशे अंडी. ती अंडी न उलटता, धक्का न लावता, शक्य तितक्या लवकर कुंपणातील तशाच खड्ड्यात ठेवायची. काही तासांनंतर आतील गर्भ कवचाला चिकटतो आणि मग अंडे उलटले तर तो मरतो. वर पालथी टोपली. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी वाळू खचल्यासारखी दिसू लागते, टोपलीखाली पिल्ले वळवळतात, आणि सकाळी वा सायंकाळी ती पाण्यापासून काही अंतरावर ठेवून चालू दिली जातात. थेट पाण्यात टाकली जात नाहीत.

या कुंपणाला सर्व गावे इंग्रजी शब्दानेच 'हॅचरी' म्हणतात. 'उबवणी केंद्र' हा शब्द कागदावर राहिला, आणि एका परीने ते बरे झाले; कारण येथे उबवणारा माणूस नसतो, वाळू असते. वाळूची ऊब किती, यावर पिल्लू नर होणार की मादी हे ठरते. सुमारे २९-३० अंश सेल्सियसच्या मर्यादेखाली नर अधिक, तिच्यावर माद्या अधिक. हे तत्त्व कळण्यापूर्वी जगात अनेक ठिकाणी अंडी फोमच्या पेट्यांत उबवली गेली. पेट्या वाळूपेक्षा थंड राहिल्याने, मोठ्या सदिच्छेने, हजारो नर निर्माण झाले असावेत, असा इशारा १९८० साली संशोधकांनी दिला. सावलीची एक झावळी अधिक किंवा उणी, एवढ्यावर एका पिढीचे नर-मादी प्रमाण हलू शकते. म्हणून आमचे मत असे, की जेथे घरटे भरतीपासून व कुत्र्या-कोल्ह्यांपासून सुरक्षित आहे, तेथे ते जागीच राखावे. कुंपणात हलवणे हा आपद्धर्म आहे. हलवलेल्या अंड्यांची संख्या अहवालात शोभून दिसते, हा तिचा दोष होय.

याच कुळातील केम्पच्या कासवाचा मेक्सिकोतील इतिहास येथे उपयोगी पडतो. रांचो नुएवो येथे १९४७ साली एका दिवशी सुमारे ४०,००० माद्या वर आल्याचा अंदाज एका चित्रफितीवरून केला गेला. १९८५ साली वर्षभरात अवघी ७०२ घरटी मोजली गेली. १९७८ पासून काही अंडी अमेरिकेतील पाद्रे बेटाच्या वाळूत उबवून, पिल्ले सुमारे वर्षभर टाक्यांत वाढवून व खूण करून सोडण्यात आली. हा जवळजवळ प्राणिसंग्रहालयाचाच प्रकार. त्यांपैकी माद्या पाद्रे बेटावर परतल्याची पहिली नोंद १९९६ ची, म्हणजे अठरा वर्षांनंतरची आहे. दरम्यान खरी वाढ झाली ती मूळ पुळणीवरील राखणीमुळे आणि कोळंबीच्या जाळ्यांना कासव निसटून जाईल अशी चौकट बसवल्यामुळे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. घरट्यांची संख्या पुढे वीस हजारांपर्यंत पोचली.

आमच्या संतवाङ्मयात कासवीची एक सुंदर कल्पना आहे. ती पिल्लांना दूध पाजत नाही, जवळही घेत नाही. दुरून केवळ दृष्टीने त्यांचे पोषण करते. 'कूर्मदृष्टी' हा शब्द ईश्वरकृपेसाठी रूढ झाला तो यावरून. प्राणिशास्त्र एवढेच सांगते, की वाळू सारखी करून मादी गेली की ती पुन्हा त्या खड्ड्याकडे पाहत नाही. तरीही दुरून राखण्याची ही कल्पना वेळासच्या राखणदाराला चपखल बसते. तो पिल्लाला खाऊ घालत नाही, नाव देत नाही, आणि ते पाण्यात गेल्यावर त्याला पुन्हा ओळखण्याचा कोणताही उपाय त्याच्याजवळ नसतो. हजारांत एखादेच पिल्लू वयात येते असे मानतात, आणि त्यालाही दहा-पंधरा वर्षे लागतात. पेंग्विनचे पालन करणाऱ्याला आपल्या श्रमाचे फळ दुसऱ्या दिवशी दिसते. याला ते आयुष्यात दिसेलच असे नाही. ('कासव' हा शब्द मात्र संस्कृत कच्छप, प्राकृत कच्छव या मार्गाने सुखरूप येथवर आला आहे.)

२००६ साली वेळासला कासव महोत्सव सुरू झाला. पिल्ले पाहण्यास आलेले पाहुणे गावातील घरांतूनच उतरतात, जेवतात; त्यामुळे अंड्याहून पिल्लाची प्राप्ती गावाला अधिक होऊ लागली. पुढे आंजर्ले, गुहागर, रत्नागिरीच्या दक्षिणेची गावखडी अशा पुळणींवर राखण पसरली आणि वन विभागाच्या २०१२ साली स्थापन झालेल्या कांदळवन कक्षाने तिचा मोठा भार उचलला. डिसेंबर २०१८ मध्ये शासनाने, जाळ्यात सापडलेले संरक्षित सागरी प्राणी जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमारांस २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना काढली. आमच्या मते या इतिहासात महोत्सवाइतकेच महत्त्व या निर्णयाला आहे. टोपलीखालच्या पिल्लाचे पुढे काय व्हायचे, ते शेवटी जाळ्यापाशी ठरते.

जानेवारी २०२२ मध्ये वेळास येथे अंडी घालून परतणाऱ्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवण्यात आले. पश्चिम किनाऱ्यावरील हा पहिलाच प्रयोग. म्हणून तिचे नाव 'प्रथमा'. मागोमाग सावनी, रेवा, लक्ष्मी, वनश्री, आणि २०२३ मध्ये गुहागरला बागेश्री व गुहा. प्राणिसंग्रहालयात नाव जन्माबरोबर मिळते. येथे ते पहिल्यांदा मिळाले, तेही पोक्त मादीला आणि तिच्या प्रवासाच्या निमित्ताने. बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली, तेव्हा पूर्वेची आणि पश्चिमेची कासवे वेगळी, या समजाला पहिला धक्का बसला. दुसरा उलट दिशेने आला. जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या पुळणीवर अंडी घालण्यास आलेल्या एका मादीच्या वल्ह्यावर धातूची पट्टी आढळली. ती मार्च २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर बसवलेली होती. या मादीला नाव नाही. पट्टीवरचा क्रमांक ०३२३३ असा आहे.