साहेबाचं कुत्रं

आमच्या जुन्नर भागात पूर्वी कुत्र्याच्या दोनच जाती. एक गावचं, दुसरं धनगराचं. गावचं कुत्रं उकिरड्यावर निजायचं आणि शिळ्या भाकरीवर जगायचं. धनगराचं कुत्रं मेंढरांबरोबर यायचं आणि मेंढरांबरोबर जायचं. त्याच्या वाटेला कुणी जात नसे. तिसरी जात आली ती धरणांच्या कामावरच्या साहेबांबरोबर. टोकदार कान, काळी पाठ, तांबूस पाय. बंगल्याच्या फाटकाला नाक लावून उभं राहायचं. साहेब त्याला अल्सेशियन म्हणायचे, आम्ही पोरं अल्शेशन म्हणायचो, आणि आजी सरळ 'अळशी' म्हणून मोकळी व्हायची. साहेबाचं कुत्रं, म्हणजे ते राखणीसाठीच जन्मलेलं, असा आमचा पक्का समज.

हे कुत्रं मुळात धनगराचं आहे, हे पुष्कळ उशिरा वाचनात आलं.

जर्मनीत घोडदळातून निवृत्त झालेला माक्स फॉन श्टेफानिट्स नावाचा एक कॅप्टन होता. १८९९ साली कार्ल्सरूहे इथल्या कुत्र्यांच्या प्रदर्शनात त्यानं एक मेंढवळी कुत्रा पाहिला आणि तिथंच विकत घेतला. त्याचं आधीचं नाव हेक्टर. ते बदलून होरांड ठेवलं. त्याच वर्षी या जातीसाठी संस्था काढली आणि तिच्या वहीत पहिला क्रमांक होरांडचा लागला. आज जगभर जे जर्मन शेफर्ड आहेत त्यांची वंशावळ या एका कुत्र्यापाशी जाते.

त्याचं काम काय, तर चालतं कुंपण व्हायचं. तिकडं शेतांच्या अरुंद पट्ट्या, मध्ये बांधबिंध नाही. एका पट्टीत मेंढरं चरायची आणि शेजारी उभं पीक. कुत्रं दिवसभर मधल्या सरीतून येरझाऱ्या घालणार. मेंढरू पिकाकडं वळलं की आडवं येणार. आमच्या धनगराची रीत वेगळी. मेंढरं तो स्वतःच वळवतो, शीळ घालून, हाळी देऊन. कुत्रं असतं ते रात्रीसाठी, लांडग्यासाठी. म्हणजे एकाच्या कुत्र्याचं कसब दिवसा, दुसऱ्याच्या कुत्र्याचं रात्री.

पुढं जर्मनीत कारखाने वाढले, मेंढरं घटली. कुत्र्याला काम उरेना, तेव्हा कॅप्टननं त्याला पोलिसांत आणि सैन्यात नेलं. पहिल्या महायुद्धात त्यानं खंदकांतून निरोप पोचवले, जखमी शोधले. १९१६ साली ओल्डेनबुर्गला युद्धात आंधळ्या झालेल्या सैनिकांसाठी वाटाडी कुत्री तयार करणारी शाळा निघाली, तिथंही हेच कुत्रं. इंग्रजांना मात्र आता 'जर्मन' हा शब्दच नकोसा झाला होता. त्यांनी फ्रान्स-जर्मनीच्या सीमेवरच्या अल्सास प्रांतावरून त्याचं अल्सेशियन असं बारसं केलं. ते नाव तिकडं कागदोपत्री १९७७ पर्यंत टिकलं आणि आमच्या गावात अजून टिकून आहे. ऑस्ट्रेलियानं तर कमाल केली. हे लांडग्यासारखं दिसतं, तिथल्या रानकुत्र्यांशी याचा संकर झाला तर मेंढरं फस्त होतील, या भीतीनं १९२९ साली त्याच्या आयातीवर बंदी घातली, ती चाळीस वर्षांहून जास्त राहिली. मेंढरं राखणाऱ्याला मेंढरांच्या नावानंच दार बंद!

हे सगळं आठवायचं कारण आमच्या गोठ्यात बसलंय.

धरणाच्या फुगवट्याकडेला आता शहरातल्या लोकांचे बंगले झालेत. त्यातल्या एकानं हौसेनं पिल्लू आणलं. दोन-तीन वर्षं शनिवार-रविवार कोडकौतुक झालं. मग मालकाचं येणं कमी झालं, राखणदार पगार थकल्यामुळं निघून गेला, आणि कुत्रं साखळीला तसंच. दुधाची गाडी घेऊन जाणाऱ्या माझ्या पुतण्यानं त्याला पाहिलं तेव्हा बरगड्या मोजून घ्याव्यात अशी अवस्था होती. गळपट्टा मानेत रुतलेला. मालकाला फोन लावला तर म्हणाला, "तुम्हालाच ठेवा." १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावर असं सोडून देणं गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आता पट्टासुद्धा येत नाही.

गावानं त्याचं नाव 'साहेब' ठेवलं. चल म्हटलं तर कान हलवत नाही, पण 'सिट' म्हटलं की धाडकन बसतो. "ह्याला इंग्रजीच कळतं गं बाई," असं म्हणून वहिनीनं त्याच्यासाठी दोन-चार शब्द पाठ केले. जनावरांच्या डॉक्टरांनी वय चारेक वर्षं सांगितलं. मागच्या खुब्यात सैलपणा आहे, या जातीत तो फार आढळतो. वजन वाढू द्यायचं नाही, गुळगुळीत फरशीवर ठेवायचं नाही.

पण आमच्याकडं त्याला कायमचं ठेवणं कठीण. उसात बिबट्या आहे. कुत्रं हे त्याचं सोपं भक्ष्य. गावची कुत्री सावध असतात, वेळेला पत्र्यावर चढतात. साहेब बिचारा अंधारात आवाज आला की सामोराच जातो. म्हणून रात्री त्याला गोठ्यात कोंडावं लागतं, आणि गोठ्यात शेरडं बिथरतात. उसात सापडलेल्या बिबट्यासाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे, आणि ते असावंच. साहेबासाठी मात्र पुतण्याचा फोन तेवढा.

आतापर्यंत तिघं येऊन गेले. एकाला पोल्ट्रीवर बांधायला हवा होता. दुसऱ्यानं कागदपत्रं मागितली. पिल्लं काढून विकायचा विचार. तिसऱ्यानं फोटोपुरती मान कुरवाळली आणि "घरी विचारून कळवतो" म्हणाला. पुतण्यानं पहिल्या दोघांना चहा पाजून वाटेला लावलं. वहिनी म्हणाली, "आरं, किती दिस असं?" तो काही बोलला नाही.

दिवाळीनंतर नेहमीचे धनगर आमच्या रानात मेंढरं बसवायला आले. शेजारी हरभरा उभा. साहेब पहिल्या दिवशी बांधावर नुसता बसून होता. दुसऱ्या दिवशी उठला आणि हरभऱ्याच्या कडेकडेनं चालायला लागला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत मागं. एक कोकरू आत घुसलं तर आडवा उभा राहिला. ना भुंकला, ना धावला.

म्हातारा मेंढपाळ काठीवर हनुवटी टेकून बराच वेळ बघत होता. "ह्याला कुनी शिकिवलं?"

"कुणीच नाही, आबा. आजवर मेंढरू पाहिलं नव्हतं त्यानं."

आबांनी त्याच्या मागच्या पायांवरून हात फिरवला, खुबा दाबून पाहिला. आम्हाला वाटलं, आता मागतील. "न्यायला मन व्हतंय," ते म्हणाले, "पर रोजची चाल त्याला सोसायची न्हाई. आन् उन्हाळ्यात ही केसं. वाटंतच बसंल." धनगर आठवडाभरानं पुढं गेले. साहेब त्यांच्या मागं ओढ्यापर्यंत गेला आणि संध्याकाळी एकटाच परत आला.

परवा नारायणगावहून एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. घर बैठं, मागं भिंतीचं आवार, माणसं दोनच. त्यांनी जात विचारली नाही, कागद विचारले नाहीत. खुब्याची गोष्ट सांगितली तर म्हणाल्या, "माझेही गुडघे तसेच." जाताना चपला घालता घालता विचारलं, "रात्री झोपतो कुठं हा?"

रविवारी यजमानांना घेऊन परत येतो म्हणाल्यात. पुतण्यानं गोठ्याच्या दाराला आतून नवी कडी बसवलीय, तोवर.