फसव्या योजना आणि खोटे ताळेबंद

डिसेंबर २००८ आणि जानेवारी २००९ मध्ये, अवघ्या चार आठवड्यांच्या अंतराने, दोन मोठे आर्थिक घोटाळे जगासमोर आले. ११ डिसेंबर रोजी न्यूयॉर्कमध्ये बर्नार्ड मॅडॉफ यांना अटक झाली. ७ जानेवारी रोजी हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसचे अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी राजीनाम्याच्या पत्रात कंपनीचे हिशेब खोटे असल्याची कबुली दिली. पहिले प्रकरण ‘पॉन्झी योजना’ म्हणून ओळखले गेले, दुसरे ‘हिशेबातील गैरव्यवहार’ म्हणून. कायद्यात दोहोंची कलमे वेगळी आणि तपास करणाऱ्या यंत्रणाही बहुधा वेगळ्या. तथापि, दोन्हींची आकडेमोड शेजारी ठेवून पाहिली तर त्यांचे नाते लपत नाही. न झालेला नफा झाला असे दाखवायचे आणि तो उद्याच्या पैशातून किंवा उद्याच्या थापेतून भरून काढायचा, हाच दोहोंचा पाया आहे.

पॉन्झी हे नाव चार्ल्स पॉन्झी या इटालियन स्थलांतरितावरून पडले. १९२० मध्ये बोस्टन शहरात त्याने ४५ दिवसांत ५० टक्के नफ्याचे आश्वासन देऊन पैसा गोळा केला. एका देशात स्वस्तात घेतलेली आंतरराष्ट्रीय टपाल कूपने दुसऱ्या देशात वटवून हा नफा मिळतो, असे तो सांगे. अर्थविषयक पत्रकार क्लॅरेन्स बॅरन यांनी साधा हिशेब मांडला. एवढ्या पैशासाठी सोळा कोटी कूपने चलनात हवी होती; प्रत्यक्षात ती होती सुमारे २७ हजार. नव्या ठेवीदाराचे पैसे जुन्याच्या हाती पडत होते, एवढाच काय तो व्यवसाय. महाराष्ट्राला हा प्रकार नवा नाही. १९९० च्या दशकात सागाच्या रोपांवर अवाच्या सवा परतावा देऊ करणाऱ्या वृक्षलागवड कंपन्यांत अनेकांची बचत बुडाली. १९९९ मध्ये सेबीने सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम केले आणि त्याच वर्षी राज्यात ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा स्वतंत्र कायदा आला. कूपन असो वा साग, वस्तू केवळ निमित्तापुरती असते.

सत्यमचे दुकान मात्र खरे होते. हजारो अभियंते खरोखर काम करीत होते आणि परदेशी ग्राहक खरोखर पैसे देत होते. खोटा होता तो नफ्याचा आकडा. राजू यांच्या पत्रानुसार, सप्टेंबर २००८ अखेरच्या तिमाहीत कंपनीने २,७०० कोटी रुपयांचे उत्पन्न आणि ६४९ कोटींचा कार्यकारी नफा दाखविला. प्रत्यक्षात उत्पन्न २,११२ कोटी आणि नफा अवघा ६१ कोटी होता.

दुहेरी नोंदीच्या पद्धतीत खोटा नफा एकटा उभा राहू शकत नाही. तो कोठेतरी मालमत्ता म्हणून दिसावाच लागतो : ग्राहकांकडील येणे म्हणून, गोदामातील माल म्हणून किंवा बँकेतील शिल्लक म्हणून. येणी फार फुगली तर जाणकार प्रश्न विचारू लागतात. म्हणून वसुली झाल्याचे दाखवून ती रक्कम कागदावर बँकेत जमा करावी लागते. सत्यमच्या पुस्तकांत रोकड व बँक शिल्लक ५,३६१ कोटी रुपये होती. त्यांपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. एवढ्या ठेवी असून व्याज नाही, हे विचित्र दिसले असते. तेव्हा ३७६ कोटींचे नसलेले व्याजही लिहिले गेले.

येथेच प्रामाणिक व्यवसायाची वाट सुटते आणि पॉन्झीची सुरू होते. गेल्या वर्षी फुगविलेला नफा पुढच्या वर्षी किमान अपेक्षा बनून समोर येतो आणि वाढ दाखवायची तर थापही वाढवावी लागते. शिवाय लाभांश आणि पगार खऱ्या रोकडीतच द्यावे लागतात. ती उभी करण्यासाठी प्रवर्तकांचे शेअर तारण ठेवले गेले आणि १,२३० कोटींचे देणे पुस्तकांबाहेर राहिले. वाघावर बसलेल्याला खाली उतरता येत नाही, अशा आशयाची उपमा राजू यांनी पत्रात वापरली होती. उतरण्याचा शेवटचा प्रयत्न १६ डिसेंबर २००८ रोजी झाला. राजू कुटुंबाशी संबंधित मायटासच्या दोन कंपन्यांपैकी एक पूर्णपणे आणि दुसरीतील ५१ टक्के हिस्सा, असे सुमारे १६० कोटी डॉलरना घेण्याचा निर्णय सत्यमने जाहीर केला. नसलेल्या रोकडीच्या बदल्यात खरी मालमत्ता पुस्तकांत आणावयाची, की थाप आपोआप पुसली जाईल, असा तो बेत होता. गुंतवणूकदार खवळले आणि निर्णय काही तासांतच मागे घ्यावा लागला. नवे ठेवीदार थांबले की पॉन्झी कोसळतो; सत्यमचे नेमके तेच झाले.

मग अशी कंपनी पॉन्झीपेक्षा अधिक काळ तग का धरते? ठेवीदार दर महिन्याला योजनेच्या दारात पैसे मागायला येतो. भागधारक कंपनीकडे पैसे मागत नाही. तो आपला शेअर बाजारात दुसऱ्याला विकतो. खोट्या नफ्याची किंमत त्या दुसऱ्याच्या खिशातून जाते आणि कंपनीची तिजोरी उघडावीच लागत नाही. ७ जानेवारीला सत्यमच्या शेअरचा भाव एका दिवसात तीन चतुर्थांशांहून अधिक कोसळला. आदल्या दिवशी तो घेणारा माणूस पॉन्झीच्या रांगेतील शेवटचा ठेवीदारच होता; फरक एवढाच, की आपण रांगेत उभे आहोत हे त्याला ठाऊक नव्हते.

उलट बाजूनेही हे नाते तितकेच घट्ट आहे. मॅडॉफ यांनी दामदुप्पटीची भाषा कधी केली नाही. वर्षाला साधारण दहा-बारा टक्के, तेही चढउताराविना, हेच त्यांचे आकर्षण. त्यांच्या कचेरीत, होऊन गेलेल्या दिवसांचे भाव पाहून, कधीच न झालेल्या खरेदी-विक्रीची विवरणपत्रे तयार होत. त्यांवर सुमारे ६,५०० कोटी डॉलरची शिल्लक दिसत होती. एवढ्या मोठ्या व्यवसायाचे लेखापरीक्षण न्यूयॉर्कबाहेरच्या एका छोट्या कार्यालयाकडे होते आणि तेथे प्रत्यक्षात एकच लेखापाल काम पाहत असे. पुढे त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला. मॅडॉफकडे पैसा पोचविणाऱ्या अनेक फंडांचे हिशेब मात्र नामांकित संस्था तपासत होत्या. त्या विवरणपत्रांवर विसंबल्या आणि एका खोट्या ताळेबंदातील काल्पनिक रक्कम अनेक खऱ्या ताळेबंदांत मालमत्ता म्हणून जाऊन बसली.

विशेष म्हणजे अशा बहुतेक प्रकरणांत खोटे सापडले ते सर्वांत साध्या जागी, बँकेच्या शिलकेत. इटलीच्या पार्मालात कंपनीच्या नावे बँकेत असल्याचे दाखविलेले सुमारे ३९५ कोटी युरो २००३ मध्ये नाहीसे ठरले. जर्मनीच्या वायरकार्डचे १९० कोटी युरो २०२० मध्ये फिलिपिन्समधील बँकांत सापडलेच नाहीत. येणी किंवा माल यांच्या मूल्याविषयी मतभेद असू शकतात. बँकेतील शिलकेविषयी नसतात. लेखापरीक्षकाने कंपनीने आणून दिलेला कागद न पाहता स्वतः थेट बँकेला विचारायचे असते. सत्यमच्या बाबतीत हेच नीट झाले नाही, हा लेखापरीक्षकांवरील मुख्य आक्षेप होता.

मुंबईकरांनी याचे आणखी एक रूप पाहिले. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध लादले आणि ठेवीदारांना सुरुवातीला केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा राहिली. एचडीआयएल समूहाला दिलेली थकीत कर्जे लपविण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट कर्जखाती दाखविण्यात आल्याचा आरोप तक्रारीत होता. ही पॉन्झी योजना नव्हती. परंतु बुडीत कर्ज कागदावर सुस्थितीत दिसत राहिले, की नव्या ठेवी येत राहतात आणि जुन्या ठेवीदाराला काही जाणवत नाही.

घोटाळा उघड झाल्यावर नुकसान मोजण्याचा प्रश्न येतो आणि तेथे दोन्ही वाटा वेगळ्या होतात. मॅडॉफ प्रकरणी अमेरिकी न्यायालयांनी विवरणपत्रांवरील शिलकेचे मूल्य शून्य धरले. ज्याने जितके भरले, त्यातून काढलेले वजा करून उरेल तेवढाच त्याचा दावा. भरल्यापेक्षा अधिक नेलेल्या अनेकांकडून वरची रक्कम परत मागितली गेली. सत्यमच्या अमेरिकेतील गुंतवणूकदारांनी सामूहिक दावा लावला आणि २०११ मध्ये कंपनीने १२.५ कोटी डॉलर देऊन तो मिटविला. भारतातील भागधारकांना तशी भरपाई मिळाली नाही. सामूहिक दाव्याची तरतूद येथे २०१३ च्या कंपनी कायद्यात आली आणि ती अमलात येण्यास २०१६ उजाडले.