मानेतली गाठ: सुईचा होकार आणि नकार

दात किडला, घसा धरला तरी मानेतल्या लसिकाग्रंथी सुजतात आणि काही आठवड्यांत ओसरतात. न ओसरणारी गाठ मात्र सुईने तपासावी. ‘सुई लावली की गाठ पसरते’ ही भीती घराघरांत आहे. 1930 मध्ये न्यूयॉर्कच्या मार्टिन आणि एलिस यांनी या पद्धतीचे अनुभव छापले, तेव्हा त्यांची सुई 18 गेजची होती. आज वापरतात ती 23 गेजची सुई जाडीने तिच्या निम्मी. इतक्या बारीक सुईने रोग पसरल्याची उदाहरणे अत्यंत दुर्मीळ.

हाती लागतो जेमतेम थेंबभर ऐवज, आणि निदानाचे यश पुष्कळसे त्याच्या वाटणीवर ठरते. एक काचपट्टी हवेत सुकवून गिम्सा रंगासाठी, दुसरी ओली असतानाच अल्कोहोलमध्ये, तिसरी क्षयजंतूंच्या झील-नील्सन रंगासाठी. उरलेला अंश सीबीनॅट या क्षयजंतूंच्या जनुकीय तपासणीला जायला हवा, आणि नेमका तोच विसरला जातो. थुंकीच्या हिशोबाने सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला मिलीलिटरमागे 5,000 ते 10,000 तरी लागतात. सीबीनॅटला शे-दीडशेही पुरतात, शिवाय रिफॅम्पिसिन लागू पडेल की नाही तेही कळते. भारतात काचेवर ग्रॅन्युलोमा, म्हणजे दाहपेशींचे पुंजके, आणि मृत पेशींचा लगदा दिसला, की क्षयाचा संशय रास्तच. पण सार्कॉइडोसिस, बुरशी यांतही ग्रॅन्युलोमा होतात. जंतूचा पुरावा न शोधता निव्वळ ‘ग्रॅन्युलोमा’ या शब्दावर सहा महिन्यांची औषधे सुरू करणे मला घाईचे वाटते.

कर्करोगात सुईचा होकार भक्कम असतो. तंबाखूमुळे तोंडात झालेला कर्करोग मानेत उतरला, तर त्या पेशी ग्रंथीत परक्या असतात. मोजक्या दिसल्या तरी ओळख पटते. डाव्या हासळीमागच्या गाठीत ग्रंथीय कर्करोगाच्या पेशी निघाल्या, तर मूळ जठरात असू शकते.

लिम्फोमाचे गणित वेगळे. तो ग्रंथीच्याच पेशींचा रोग. रीड-स्टर्नबर्ग पेशी सापडली तर हॉजकिन लिम्फोमाचा संशय बळावतो. पण संथ फॉलिक्युलर लिम्फोमाच्या पेशी सुट्या पाहिल्या तर साध्याच वाटतात. बिघडलेली असते त्यांची मांडणी, आणि सुई तीच मोडून टाकते. पेशींवरच्या खुणा तपासणारी फ्लो सायटोमेट्री इथे मदत करते, तरी पक्क्या वर्गीकरणासाठी बहुधा अख्खी गाठ काढावी लागते.

लसिकाग्रंथींच्या या सुई-तपासणीचा अहवाल लिहिण्याच्या 2020 च्या सिडनी पद्धतीत पाच वर्ग आहेत. त्यांतला पहिलाच ‘अपुरा नमुना’ असा. तो हाती आला, तर सुई पुन्हा लावायची.